रेडिएटरात बोअरचं पाणी ओतणं आता तरी थांबवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी म्हणून चौकट आली होती. टायरची हवा, बॅटरी, एसीचा गॅस, सगळं नीट लिहिलं होतं, पण इंजिन तापण्याबद्दल फक्त एक ओळ, "रेडिएटरमधील पाणी वेळोवेळी तपासावे व कमी असल्यास भरावे." या एका ओळीबद्दल मला बरंच सांगायचंय. पत्र लांबलंय, जागा नसेल तर दोन भागात छापा पण छापा, कारण मराठवाड्यात निम्म्या गाड्यांची इंजिनं या "कमी असल्यास भरावे" नंच खराब व्हायलीत असं माझं स्पष्ट मत आहे. मी सेलूला राहतो, घरच्या आणि गल्लीतल्या गाड्यांची बारीकसारीक कामं घरीच करतो, गॅरेज नाही माझं, त्यामुळं कुणाचा धंदा वाढवायला किंवा बुडवायला लिहीत नाही.

आपल्याकडं एप्रिल लागला की परभणी, नांदेड, बीड कुठंही जा, पारा ४० च्या वर, मे मधे ४२-४३ म्हणजे नेहमीचंच. त्यात लग्नसराई. पाच माणसांच्या गाडीत सात माणसं, वर कॅरिअरला सामान, एसी फुल, आणि तुळजापूर नाहीतर माहूर करून यायचं. मांजरसुंब्याचा घाट असो का कन्नडचा, दुपारी बघा, कडेला बॉनेट उघडून एक तरी गाडी उभी असतेच आणि कुणीतरी हॉटेलवरून बादली घेऊन पळत येतंय. ते पाणी असतं बोअरचं. ते पाणी तापलेल्या इंजिनात भस्सकन ओतायचं, वाफ निघाली की "झालं थंड" म्हणायचं आणि गाडी पुढं. इथंच सगळं बिघडतं, एक तर कडक तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडवर (इंजिनाचा वरचा भाग) एकदम गार पाणी पडलं की हेडला पीळ पडतो नाहीतर तडा जातो, आणि दुसरं म्हणजे ते पाणीच.

आपल्या घरात पाणी तापवायचा रॉड असतो ना, तो सहा महिन्यांनी काढून बघा. पांढरा खडबडीत थर बसलेला असतो, नखानं निघत नाही, चाकूनं खरवडावा लागतो. हे बोअरच्या पाण्यातले क्षार, पाणी तापलं की ते खाली बसतात. रेडिएटरच्या आतल्या नळ्या अगदी चपट्या आणि अरुंद असतात आणि तिथलं पाणी दर फेरीला तापूनच येतंय, मग त्या नळ्यांत तो थर बसणार नाही तर काय होणार. थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही, नळी अर्धी बंद, गाडी आणखी तापायली म्हणून माणूस आणखी बोअरचं पाणी ओततो. शिवाय त्या पाण्यातले क्लोराइड अॅल्युमिनियमला खातात. पूर्वीचे रेडिएटर तांब्यापितळेचे असायचे, फुटले तर झाळून मिळायचे, आताचे अॅल्युमिनियमचे आणि वरखाली प्लॅस्टिकच्या टाक्या, ते चिरले की बहुतेक वेळा नवीनच टाकावं लागतं.

लोक म्हणतात आपल्याकडं कुठं बर्फ पडायलाय, कूलंटची गरज थंड देशात. हे लई ठिकाणी ऐकलंय आणि हे साफ चूक आहे. कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलिन ग्लायकॉल आणि त्यात गंज न लागू देणारी रसायनं. निम्मं कूलंट निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण उणे ३७ अंशाला गोठतं हे खरं, आपल्याला त्याचा उपयोग नाही हेही खरं, पण तेच मिश्रण साधं उघड्यावर १०७-१०८ अंशाला उकळतं आणि रेडिएटरच्या कॅपचा दाब मिळाला की सव्वाशेच्या आसपास जातं. नुसतं पाणी १०० ला उकळतं, नेहमीच्या कॅपच्या दाबाखाली ११८-११९ च्या आसपास. घाटात सात माणसं घेऊन एसी लावून चढताना हा सहासात अंशाचा फरकच गाडीला तारतो. आणि गंज न लागू देणारं औषध हे बाराही महिने लागतं, वॉटर पंपाचं सील, हेड, रेडिएटर सगळं त्याच्यावर टिकून आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. चांगल्या गाडीत कूलंट जवळजवळ कमी होतच नाही. ही बंद यंत्रणा आहे, पेट्रोलसारखी जळून जाणारी गोष्ट नाही. वर्षभरात रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतली पातळी बोटभर खाली आली तर ठीक आहे, पण दर पंधरा दिवसांनी भरावं लागायलं म्हणजे ते कुठंतरी चाललंय. कुठं चाललंय ते शोधायचं सोडून भरत बसणं म्हणजे इंजिनाचं काम ओढवून घेणं. म्हणून त्या चौकटीत "भरावे" च्या ऐवजी "का कमी झाले ते शोधावे" असं पाहिजे होतं.

शोधायचं कसं ते सांगतो, घरी सकाळी दोन तास काढले तर निम्म्याहून जास्त बिघाड सापडतात. पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही जाड अक्षरात छापा साहेब: तापलेल्या गाडीची रेडिएटर कॅप किंवा बाटलीचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो म्हणून पाणी द्रव राहिलेलं असतं, झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. फडकं धरून अर्धा आटा फिरवला तरी चालतं असं सांगणारे भेटतात, ऐकू नका. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी वरचा जाड पाईप हातानं दाबून बघा, मऊ आणि गार लागला तरच झाकणाला हात लावा. दुसरं, इंजिन बंद केल्यावरही बऱ्याच गाड्यांचा रेडिएटर फॅन आपोआप सुरू होतो, म्हणून त्या भागात हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर जाऊ नका, स्टँड लावा.

मग रात्री गाडी लावताना इंजिनाखाली पुठ्ठा किंवा जुना पेपर अंथरायचा. सकाळी डाग बघायचा. पातळ, बिनवासाचं, बिनरंगाचं पाणी असेल तर ते एसीचं, सोडून द्या. काळपट आणि तेलकट असेल तर ऑइल. हिरवा, लाल किंवा निळसर, बोटाला बुळबुळीत लागणारा, गोडसर वास येणारा डाग म्हणजे कूलंट (वास घ्या, चव घेऊ नका, का ते पुढं सांगतो). डाग कुठल्या बाजूला पडलाय त्यावरून वर बघत जायचं. पुष्कळदा डाग पडतच नाही कारण थेंब गरम इंजिनावरच सुकतो, तेव्हा बॅटरी टॉर्च घेऊन प्रत्येक पाईपच्या तोंडापाशी, क्लिपपाशी बघा, सुकलेल्या कूलंटची पांढरट हिरवट पापडी धरलेली दिसते. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून गळती दिसावी म्हणून. तिथं ओघळ दिसला तर पंप बदलायचा, ते भोक एमसील लावून बुजवायचं नाही. हो, असं बुजवलेलं मी बघितलंय, म्हणून लिहितोय. पाईप हाताळताना दाबून बघा, आतून कुरकुर वाजला किंवा तोंडापाशी फुगलेला, भेगाळलेला असला तर बदला, आणि क्लिप जुनी गंजलेली असेल तर तीही नवीन टाका, फार पैसे लागत नाहीत.

गाडीच्या आत शेजारच्या सीटच्या पायापाशी मॅट ओलं लागायलं, काचेवर आतून चिकट धुकं येतंय आणि गोड वास येतोय तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. आपल्याकडं हीटर कुणी लावत नाही म्हणून याच्याकडं कुणाचं लक्षच जात नाही, पण बऱ्याच गाड्यांत पाणी त्यातूनही फिरतंच असतं.

आता कॅप. माझं तर असं मत झालंय की मराठवाड्यात सगळ्यात जास्त अन्याय कुणावर होत असेल तर या कॅपवर, कारण कुणी तिला पार्ट समजतच नाही, झाकण समजतं. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढा दाब ती धरून ठेवते. आत दोन व्हॉल्व्ह असतात, एक जास्त दाब झाला की पाणी बाटलीकडं सोडतो आणि दुसरा इंजिन गार झालं की तेच पाणी परत ओढून घेतो. पहिल्याचं रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. दुसरा चिकटला की पाणी परत येतच नाही, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, वर सकाळी बघावं तर वरचा पाईप चपटा होऊन बसलेला. हे दिसलं की कॅप बदला आणि तशीच, त्याच आकड्याची घ्या, जास्त आकड्याची घेतली तर जुने पाईप फुटतील. आणि बाटलीकडं जाणारी बारीक नळी चिरली नाही ना तेही बघा, ती चिरली असली तरी हेच होतं.

माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं हेच झालं. जिंतूरहून येताना गाडी गरम झाली, गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून बघितलं न बघितलं आणि "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल, फेस मारावा लागेल" म्हणून सांगितलं (गॅस्केट म्हणजे हेडखालची सील करणारी पातळ पट्टी, फेस मारणं म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं). खर्च ऐकून मेव्हणा माझ्याकडं आला. मी म्हणलं आधी गार होऊ दे, सकाळी बघू. सकाळी बाटली मॅक्सच्या वर आणि रेडिएटरात बोट घालावं तर ओलं लागेना. वरचा पाईप असा चपटा झालेला की दोन्ही बाजू आतून टेकल्या होत्या. कॅप काढून बघितली तर मधली छोटी चकती, जी बोटानं ओढली की सहज हलायला पाहिजे, ती गंजानं जागेवर धरलेली, रबराची किनार कडक होऊन टवके निघालेले. आतलं पाणी चहासारखं तांबडं. डिपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) काढून ऑइल बघितलं, स्वच्छ, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नाही. नवीन कॅप टाकली, फ्लश केलं म्हणजे आतलं पाणी काढून धुतलं, कूलंट भरलं, त्यानंतर तो त्याच गाडीनं भर उन्हाळ्यात पुण्याला जाऊन आलाय. हेड उतरवलं असतं तर गाडी तीच, बिघाड तोच आणि खिसा मात्र रिकामा. सगळेच गॅरेजवाले असे आहेत असं मी म्हणत नाही, चांगले कारागीर आपल्याकडं खूप आहेत, पण मालकाला चार गोष्टी माहीत असल्या की तो विचारू तरी शकतो "हेड उतरवायच्या आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळती बघायची तपासणी, केली का?"

गाडी कधी तापते हे नीट लक्षात ठेवलं तरी अर्धं निदान होतं. गावात, सिग्नलला, रेल्वे फाटकात उभी असताना तापते आणि रोडला लागली की गार होते, तर फॅन बघा, कारण चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फॅनच लागतो. बहुतेक गाड्यांत एसी चालू केला की फॅन फिरायला पाहिजे, नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, फ्यूजच्याच डब्यात तसाच दुसरा रिले असतो, उदाहरणार्थ हॉर्नचा, नंबर सारखा असेल तर अदलाबदल करून बघता येतं), मग फॅनच्या मोटरला थेट बॅटरीवरून करंट देऊन बघायचा, हात लांब ठेवून. मोटर थेट करंटवर फिरली म्हणजे मोटर चांगली, दोष वायरिंगमधे किंवा सेन्सरमधे. उलट गावात ठीक चालते आणि रोडवर ८०-१०० च्या स्पीडला तापते, तर फॅनचा दोष नाही, पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदलाय.

चोंदणं बाहेरूनही असतं. आपल्याकडं ऑक्टोबरमधे सोयाबीनचं मळणी यंत्र रस्त्याच्या कडेला चालतं, सगळा भुस्सा हवेत, नंतर कापसाचे तंतू, रात्री किडे, हे सगळं एसीच्या कंडेन्सरमधून (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आत जाऊन रेडिएटरच्या जाळीवर बसतं, समोरून बघितलं तर दिसतही नाही कारण ते दोघांच्या मधल्या फटीत असतं. ट्रॅक्टरवाल्यांना हे सांगावं लागत नाही, ते मळणीच्या दिवसात जाळी रोज झटकतात. कारवाल्यानंही वर्षातून एकदा, इंजिन गार असताना, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं साध्या नळीनं हळू पाणी मारून ते काढावं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाईप जवळून मारू नका, पत्र्याच्या बारीक पट्ट्या आडव्या होतात आणि मग वाराच आत जात नाही.

थर्मोस्टॅटबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळीनं लिहायचंय. आपल्याकडं गाडी तापली की पहिलं काम म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. "आपल्या हवेत याची गरजच नाही" असं ठामपणे सांगतात आणि लोकांना पटतं. अहो थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचा, तापमानावर उघडणारा व्हॉल्व्ह, तो हवेसाठी नाही, इंजिनासाठी आहे. इंजिन गार असताना तो बंद राहतो म्हणजे इंजिन लवकर तापमानाला येतं, मग ८२ किंवा ८८ अंशाला, जो आकडा त्याच्यावर असेल तिथं, तो उघडायला लागतो. तो काढला की इंजिन तापमानाला यायला उशीर लागतो, कॉम्प्युटर इंजिन गारच आहे समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, अॅव्हरेज पडतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटरात न जाता बायपासनंच (इंजिनातल्या इंजिनात फिरायच्या आडवाटेनं) गोल गोल फिरतं, म्हणजे घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायच्या स्कॅनरवर पी०१२८ हा कोड दिसायलाय तर पहिली शंका थर्मोस्टॅटवर, एक तर तो उघडा अडकलाय नाहीतर कुणीतरी काढूनच टाकलाय.

तो चांगला आहे का खराब हे घरी बघता येतं. जुनं पातेलं घ्या, जे परत स्वयंपाकात जाणार नाही असं, त्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून अधांतरी सोडा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी १०० च्या वर आकडा असलेला थर्मामीटर. ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही, लॅबचा लागतो. पाणी ऐंशीच्या पुढं गेलं की नजर ठेवा, छापलेल्या आकड्याच्या आसपास मधली चकती सरकायला लागते, अगदी सावकाश, आणि अजून दहापंधरा अंश वर गेलं की पूर्ण उघडते. पाणी गार झालं की परत घट्ट बसली पाहिजे. उकळत्या पाण्यातही ढिम्म राहिली तर खराब. गाडीवर असतानाची खूण म्हणजे इंजिन भट्टीसारखं तापलंय आणि रेडिएटर किंवा खालचा पाईप थंडगार, हे हात लावून बघायचं असेल तर इंजिन बंद करून, फॅनपासून लांबूनच.

हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या असतात. सकाळी गार इंजिन चालू केल्याकेल्या वरचा पाईप दगडासारखा कडक होतो (अजून तापलंच नाही तर दाब आला कुठून, सिलिंडरमधूनच), रेडिएटरात सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग. हे दिसलं तर गाडी चालवू नका, घरी हात घालू नका, टो करून चांगल्या माणसाकडं न्या. हे घरचं काम नाही.

आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना टेम्परेचरचा काटाच नाही, गार असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल दिवा, मधलं काहीच कळत नाही. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं, सॉकेट असतं, त्यात लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र स्वस्तात मिळतं, मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. माझ्या मते तीन हजाराच्या सीट कव्हरपेक्षा हे आधी घ्यावं.

दोष सापडून दुरुस्त झाला की फ्लश. गार गाडी, खाली टब, रेडिएटरचा खालचा नॉब हळू फिरवायचा (प्लॅस्टिकचा असतो, जुना झाला की तुटतो, जोर लावू नका, नाहीतर सरळ खालचा पाईप काढा). हीटर फुल गरमवर ठेवायचा म्हणजे त्यातलं पाणीही फिरतं. साधं पाणी भरून, इंजिन तापेपर्यंत चालवून, पूर्ण गार करून परत सोडायचं, स्वच्छ येईपर्यंत, आणि शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन मिळतो, ते घ्या, पण पाणीच मागा, बॅटरीचं अॅसिड नाही. इथं एक बारकावा आहे जो कुणी सांगत नाही. नॉबमधून सगळं पाणी निघत नाही, बरंचसं इंजिन ब्लॉकमधे राहतं. म्हणजे फ्लश करून वरून तयार मिश्रण भरलं तर ते आतल्या पाण्यात मिसळून पातळ होतं. म्हणून पुस्तकात एकूण क्षमता बघा, समजा चार लिटर आहे आणि निम्मं निम्मं पाहिजे, तर आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्यानं भरा. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणं पण चूक, उष्णता वाहून न्यायला पाणी लागतंच. रंगावरून कूलंट घेऊ नका, रंगाला काही नियम नाही, पुस्तकात जो प्रकार सांगितलाय तोच घ्या, दोन प्रकार मिसळले तर आत जेलीसारखा गाळ होऊ शकतो. साधं कूलंट दोन वर्षांनी बदलायचं, लाँग लाइफवालं त्याच्या मुदतीप्रमाणे.

भरताना हवा अडकते, तिला आपल्याकडं एअर लॉक म्हणतात आणि ती राहिली तर नवीन कूलंट भरूनही गाडी तापते. गाडीची पुढची चाकं चढावर घ्या म्हणजे भरायचं तोंड सगळ्यात उंच येतं, हळूहळू भरा, इंजिन चालू करून हीटर फुल, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा, तोंडाजवळ वाकून बघू नका. ज्या गाडीला एअर काढायचा स्क्रू आहे तिथं त्यातून हवा जाऊन सलग धार लागेपर्यंत थांबा. मग कॅप लावा, फॅन एकदा फिरून बंद होऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पातळी परत बघा, थोडी खाली गेलेली असतेच.

गळतीवर हळद टाकणं, लीक बंद करायची पावडर टाकणं हे पण आपल्याकडं फार चालतं. जंगलात अडकलात तर घरी येण्यापुरतं ठीक, पण तीच हळद नंतर हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते, घरी आल्यावर फ्लश केलंच पाहिजे. तसंच रस्त्यात दुसरं काहीच नसेल तर बोअरचं पाणीही घालावं लागेल, मान्य, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावर, थोडं थोडं, आणि घरी पोचल्यावर काढून टाकायचं. आरओचं किंवा बाटलीचं पाणी मिळालं तर ते त्यापेक्षा कितीतरी बरं. घाटात काटा वर जायला लागला की एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, आणि जागा मिळेल तिथं कडेला. कूलंट संपलेलं असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर हीटरबिटर काही नाही, लगेच इंजिन बंद. "पुढच्या गावापर्यंत नेऊ" म्हणणाऱ्याचंच इंजिन बसतं.

आता ते चवीचं. इथिलिन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी असतं, मूत्रपिंड निकामी करतं. कुत्र्यामांजरांना अगदी थोडंही पुरतं. आपल्याकडं मे महिन्यात मोकाट जनावरं, कुत्री, शेळ्या तहानेनं कासावीस झालेली असतात, जिथं डबकं दिसेल तिथं तोंड लावतात आणि गॅरेजसमोर, रस्त्याच्या कडेला सोडलेलं जुनं कूलंट त्यांना पाणीच वाटतं. म्हणून घरी काम करताना टबावर झाकण ठेवा, सांडलेलं लगेच धुऊन पुसून घ्या, जुनं कूलंट नालीत, मातीत, आडात कुठंही सोडू नका. कॅनमधे बंद करून वर मोठ्या अक्षरात "विष" लिहा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर अजिबात भरून ठेवू नका, घरात लेकरं असतात.

माझ्या तीन मागण्या आहेत. आपल्या पेपरानं दर फेब्रुवारी-मार्च मधे, ऊन वाढायच्या आधी, एखाद्या अनुभवी कारागिराकडून हे सगळं चित्रांसह छापून घ्यावं, लोक कात्रण काढून गाडीत ठेवतील. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यात आयटीआय आहेत, जिथं मोटर मेकॅनिकचा ट्रेड आहे तिथल्या मुलांनी मार्चमधल्या एका रविवारी लोकांच्या गाड्यांची फुकट तपासणी ठेवावी, कॅप, पाईप, फॅन, पातळी एवढंच, मुलांचा हात बसेल आणि लोकांना दोष कळेल. आणि नगरपालिकांनी गॅरेज लाइनमधे जुन्या कूलंटसाठी एक झाकणाचा ड्रम ठेवून तो महिन्याला रीतसर उचलायची सोय करावी, ऑइल तर भंगारवाले नेतात, कूलंट कुणीच नेत नाही म्हणून ते नालीत जातंय. सेलूत गॅरेज लाइनला ड्रम ठेवणार असतील तर पहिला ड्रम मी माझ्या खर्चानं द्यायला तयार आहे.

आपला,
एक वाचक,
सेलू, जि. परभणी